गाठ मारलेला कॅमेरा

वऱ्हाडात जाऊन आले असं सांगितलं की पुण्यातले लोक दोनच प्रश्न विचारतात. ऊन फार होतं का, आणि तिथले लोक असे भांडल्यासारखे का बोलतात. ऊन नव्हतं, कारण थंडीचे दिवस होते. भांडल्यासारख्या बोलण्याचं म्हणाल, तर मी गेले तिथे खरंच भांडण झालं आणि त्याच्या मधोमध माझा कॅमेरा सापडला. गावाचं नाव मी लिहीत नाही आणि माणसांची नावं बदलली आहेत. काशीबाईंनी लिहायची परवानगी दिली ती याच अटीवर.

मी शाळेत चित्रकला शिकवते. पळणारं जनावर काढा म्हटलं की माझी सगळी मुलं त्याचे चार पाय चार दिशांना फाकवतात आणि कागदावर उलथलेलं टेबल दिसायला लागतं. मी रागावते. पण बैल पळताना पाय नेमके कसे टाकतो हे मला तरी कुठे ठाऊक होतं? त्याच सुमाराला जुन्या बाजारात माझ्या म्हाताऱ्या फिल्म कॅमेऱ्याला बसेल अशी मोटर ड्राइव्ह मिळाली. कॅमेऱ्याच्या बुडाला स्क्रूने आवळायची एक जडशीळ लोखंडी वीट, आत आठ पेन्सिल सेल. बटण दाबून धरलं की ती रोल स्वतःच पुढे ओढते आणि एका दमात फोटोंमागून फोटो काढत सुटते. आवाज असा की घरात पहिल्यांदा लावली तेव्हा नवरा आतून म्हणाला, "मिक्सर बंद कर, फोनवर बोलतोय." लोक तेव्हा डिजिटल कॅमेरे घ्यायला लागले होते आणि मी हे धूड विकत आणलं होतं. आमच्या घरात मला हट्टी म्हणतात ते काही उगीच नाही.

अमरावती

नलू माझी कॉलेजातली मैत्रीण, लग्न होऊन अमरावतीला आली ती इथलीच झाली. स्टेशनवरून तिने मला थेट गिला वडा खायला नेलं. दह्यात बुडवलेला वडा, वर तिखट चटणी. पुण्यात आम्ही दहीवडा म्हणतो त्यात साखर असते हे ऐकून वडेवाल्याने माझ्याकडे दया आल्यासारखं पाहिलं.

त्या वर्षांत अमरावतीचं नाव पेपरात कशासाठी यायचं ते सगळ्यांना माहीत आहे. मीही तोंड पाडून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा तोच विषय काढला. नलू चिडली. "पेपरात येते तेवढंच इथे होते असं समजू नको. लोक लग्नं करतात, भांडतात, पट पाहायला जातात. तू बैल पाहायला आली ना? मग बैल पाहा."

शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. हलक्या छकड्याला जोडी जुंपतात, वर हाकणारा उभा राहतो, त्याला धुरकरी म्हणतात, आणि आखलेल्या सरळ पट्टीवरून जोडी सुटते. नलूच्या सासरच्या गावातल्या शेजारीण काशीबाई यांची जोडी त्या आठवड्यात धावणार होती. तिवस्यापासून आत, कौंडण्यपूरच्या बाजूला त्यांचं गाव. मला तिथेच उतरायचं होतं.

तिवस्यात सेल घ्यायला थांबले. पुण्याहून आणलेले सेल थंडीने की प्रवासाने कोण जाणे, दोन वेळा खर्र करून गप्प झाले होते. सायकलच्या दुकानात मिळाले. दुकानदाराने एकेक सेल दाताखाली धरून पाहिला आणि "टनक हाय" म्हणून हातावर ठेवला. ही तपासणी कसली ते मला आजवर कळलेलं नाही.

काशीबाईंच्या घरी

काशीबाई पन्नाशीच्या, उंच, आवाज मैदानात हाक मारायचा. नवरा दोन वर्षांपूर्वी काविळीने गेला. घरात त्या आणि त्यांचे दीर नामदेवराव, चाळिशीचे, खाली मान घालून बोलणारे, खांद्यावर कायम एक पिवळट दुपट्टा. शेत दोघं मिळून करतात. गोठ्यात लाखा आणि पाखऱ्या. लाखा तांबूस, शिंगं मागे वळलेली. पाखऱ्या पांढरा, नाकाजवळ गुलाबी. काशीबाईंच्या नवऱ्याने ही जोडी वासरं असताना आणली होती आणि पटासाठी तयार केली होती.

संध्याकाळी चुलीपुढे ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि ठेचा. मी एका भाकरीवर हात धुवायला उठले तर काशीबाईंनी दुसरी ताटात टाकली.

"मास्तरीनबाई, पुन्याले पोट लहान असते काय?"

आमच्याकडे पाहुण्याला 'अजून वाढू का' विचारतात आणि तो 'नको' म्हणाला की वाढणारा सुटतो. इथे विचारतच नाहीत. मी मुकाट खाल्लं. ठेच्याने डोळ्यांतून पाणी आलं, आणि नामदेवराव मला पाणी देत असतानाच म्हणाले, "उद्या हरले तं सोमवारी बाजार. वैनीनं कबूल केलं हाय."

मला समजलं नाही. काशीबाईंनी भाकरी थापता थापता सांगितलं. दिराला जोडी विकायची आहे. त्यांना ठेवायची आहे. सहा महिने वाद चालला, शेवटी पटावर सोडला. जोडी जिंकली तर मरेपर्यंत दावणीला राहील. हरली तर सोमवारच्या बैलबाजारात न्यायची आणि काशीबाईंनी ब्र काढायचा नाही.

"काहून विकायची?" मी त्यांच्याच बोलीत विचारायचा प्रयत्न केला. दोघंही हसले नाहीत.

नामदेवराव म्हणाले, "ज्वारी कोन पेरते आता? सारीकडं कापसाची पराटी, नाई तं सोयाबीन. ज्वारी नाई तं कडबा कोठून आनू? पराटीच्या काड्या खाईन काय बैल? मी रोज कोसभर जाऊन चारा आनून राहिलो. शेजारचा ट्रॅक्टर भाड्यानं भेटते. मंग ह्यायले सांभायचं कशापायी?"

"तुमच्या भावाचे हायेत म्हनून," काशीबाई म्हणाल्या.

"भाऊ नाई राह्यला, वैनी."

एवढं बोलून नामदेवराव उठून गोठ्यात गेले. मी पाहिलं, ते बादली पाखऱ्याच्या तोंडापुढे धरून उभे होते, आणि तो पाणी पिऊन होईपर्यंत जीभ टाळ्याला लावून बारीक आवाज करत होते. मला वाटलं, या माणसाला बैल नको आहेत हे कसं मानायचं?

पट

गावाबाहेर काळ्या मातीची सपाट पट्टी, दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती. बायका मोजक्या, त्या मागे बैलगाड्यांवर चढलेल्या. मी सरळ शेवटच्या टोकाला गेले आणि चुन्याच्या रेघेपाशी मातीत बसकण मारली. ही रेघ ज्या जोडीचा खूर आधी ओलांडेल ती जोडी जिंकते. मला खूरच हवे होते. एका म्हाताऱ्याने ओरडून सांगितलं, "उठ व माय, बैलाखाली येशीन." मी उठले नाही.

दिवसभर जोड्या सुटल्या आणि माझी मोटर खर्रर करत राहिली. पहिले दोन रोल कधी संपले कळलंच नाही. तिचा आवाज ऐकून लोक माझ्याकडेच पाहायला लागले, कोणीतरी माझं नाव 'खटखटीवाली' ठेवलं. शेवटच्या फेरीत दोन जोड्या उरल्या. एक काशीबाईंची, तिचा धुरकरी गावातलाच एक पोरगा. दुसरी अकोल्याकडच्या गफूरभाईंची. गफूरभाई म्हणजे पांढऱ्या दाढीचे, पोट सुटलेले, मोठ्याने हसणारे शेतकरी. दोन वर्षं त्यांची जोडी इथे हरत आली होती.

मी घाईघाईने तिसरा रोल भरला. वारा होता, धूळ होती, मागून कोणीतरी "सुटली, सुटली" ओरडलं. रोलची जीभ फिरकीत अडकवली, पाठ बंद केली आणि बसले. अशा वेळी एक गोष्ट पाहायची असते. मोटर चालताना कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूची चकती फिरते का? ती फिरली तर आत फिल्म सरकते आहे. नाही फिरली तर मोटर रिकामीच ओरडते आहे आणि एकही फोटो निघत नाही. मी चकतीकडे पाहिलंच नाही. माझा डोळा खुरांवर होता.

माझ्या बाजूने गफूरभाईंची जोडी, पलीकडून काशीबाईंची. जमीन हादरत होती. मी बटण दाबलं ते दोन्ही जोड्या मागे जाईपर्यंत सोडलं नाही. मग धूळ आली आणि त्या धुळीतून दोन पंच एकाच वेळी दोन नावं ओरडले.

पुढचं मला नीट आठवत नाही इतक्या वेगाने झालं. गर्दी आत घुसली. कोणी कोणाची कॉलर धरली. अकोल्याकडचे लोक एका अंगाला, गावातले दुसऱ्या, आणि दोन्हीकडे हातात तुताऱ्या, म्हणजे टोकाला खिळा बसवलेल्या बैल हाकायच्या काठ्या. हे प्रकरण बैलांवरून माणसांवर आणि माणसांवरून जातीधर्मावर जायला फार वेळ लागत नाही, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. तेवढ्यात गफूरभाईच ओरडले, "अरे, ते खटखटीवाली बाई बसली होती ना रेघीवर! तिच्या मशीनमंदी सारं आलं असन!"

सगळे माझ्याकडे वळले.

सरपंचांनी विचारलं, "आलं काय, मॅडम?"

आता माझी तंतरली. 'माहीत नाही' म्हणावं तर काठ्या उठल्याच होत्या. मी म्हटलं, "आलं असेल. पण रोल धुवावा लागेल."

मग तिथेच ठरलं. उद्या संध्याकाळपर्यंत फोटो आणायचा, फोटोत दिसेल ते दोघांनी मान्य करायचं. काशीबाईंनी कौंडण्यपूरच्या देवळाच्या दिशेला हात जोडून शपथ घेतली, गफूरभाईंनी छातीवर हात ठेवून. बक्षिसाची ढाल देवळात गेली. मी रोल गुंडाळून काढू म्हटलं, तर सरपंच म्हणाले, "कॅमेऱ्याले हात नाई लावायचा. बाईनं बी नाई." गफूरभाईंच्या चौकड्याच्या रुमालात माझा कॅमेरा बांधला गेला, त्यावरून काशीबाईंच्या जुन्या लुगड्याच्या काठाची दुसरी गाठ. ज्याची गाठ त्यानेच सोडायची. रात्री कॅमेरा मारुतीच्या गाभाऱ्यात आणि बाहेर ओट्यावर राखणीला गफूरभाई आणि नामदेवराव. नंतर कळलं की दोघंही घोरत होते.

मी मात्र टक्क जागी. त्या गाठोड्यात कदाचित काहीच नाही, हे एकटीला माहीत असणं फार वाईट.

जीपमध्ये

सकाळी जीपमध्ये आम्ही चौघं निघालो. पुढे ड्रायव्हरशेजारी गफूरभाई, मागे मी, काशीबाई आणि नामदेवराव. गाठोडं काशीबाईंच्या मांडीवर. अमरावतीच्या कलर लॅबवाल्याने रोलचं नाव ऐकूनच हात वर केले. काळा-पांढरा रोल आता इथे कोणी धुवत नाही, नागपूरला पाठवू, चार दिवस लागतील.

"अकोल्याले आमच्या शमीमआपा हायेत ना," गफूरभाई म्हणाले. "जुन्या शहरात स्टुडिओ हाय. अजूक हातानं धुतात."

नामदेवराव पहिल्यांदा मान वर करून बोलले. "म्हंजे तुमच्याच मोहल्ल्यात? आन् फोटो तुमच्याच आपाच्या हातात?"

जीपमध्ये गारठा पसरला. गफूरभाईंचं हसू गेलं. "नामदेवभाऊ, मी काल कसम खाल्ली. आता त्याच्यावर तुमी थुकून राहिले."

"चाला अकोल्याले," काशीबाई म्हणाल्या. "आंधारखोलीत मी बसतो. माह्या डोयापुढं धुवा."

बडनेरा मागे पडलं. दोन्ही बाजूंना वेचून झालेली पराटी, करड्या काड्यांना कुठेकुठे चिकटलेला कापूस. बोंडं फोडून पाहावीत तर आत अळीने केलेला भुगा, हे मला नामदेवरावांनीच मी आले त्या दिवशी दाखवलं होतं. गफूरभाई खिडकीबाहेर बघत होते, काशीबाई समोर. नामदेवराव हळूच माझ्याकडे वाकले.

"मास्तरीनबाई, त्या फोटोत कितीक दूरचं दिसते?"

"लेन्स लांबची आहे. बरंच दिसतं."

"बैलच ना? मानसं नाई ना येत?"

"माणसंही येतात. गर्दी येतेच मागे."

ते सरळ बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "कधी कधी फोटो येतच नाई, असं बी होते ना? तसं झालं तं तसं सांगा. कोनी तुमाले काई म्हननार नाई."

मी दचकले. मला वाटलं यांना चकतीचं कळलं की काय. मी नुसती मान हलवली. त्यांना नेमकी कसली धास्ती होती हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही. माझ्या डोक्यात माझीच काळजी भणभणत होती.

जुने शहर, अकोला

मोर्णा नदी ओलांडली की रस्ते अंग चोरायला लागतात. कापडाची दुकानं, तवे ठोकणारे कारागीर, हातगाडीवर बोरं, एका ओट्यावर उर्दू पेपर वाचणारे म्हातारे. त्यांतले एक मराठीत ओरडले, "गफूर, जितला काय बे?" गफूरभाईंनी नुसता हात केला.

स्टुडिओ तीन खोल्यांचा. पुढे पुरुषांचे फोटो निघतात. पडद्यामागे बायकांसाठी वेगळी खोली, आणि त्याच्याही मागे अंधारखोली. पूर्वी नव्या नवरीचा फोटो परक्या पुरुषाने काढायचा नाही, धुवायचाही नाही, म्हणून शमीमआपा सासऱ्यांकडून हे काम शिकल्या. मराठा, माळी, मारवाडी, सगळ्यांच्या लेकीसुना इथे फोटो काढायला येत, असं त्या ठसक्यात सांगत होत्या. पडद्यापलीकडे पुरुषांना मज्जाव. म्हणजे आत आम्ही तिघी बायका, बाहेर दोघं पुरुष, आणि त्याला कोणाची हरकत नव्हती. नामदेवरावांनी फक्त विचारलं, "मी येऊ काय आत?" आपांनी नुसतं पाहिलं, तेवढ्यावर ते बसले.

आधी सगळ्यांसमोर गाठी सोडल्या. गफूरभाईंनी त्यांची, काशीबाईंनी त्यांची. मग रोल गुंडाळायचं माझ्याकडे आलं. मोटरच्या बुडाचं बटण दाबलं, बारकी दांडी उघडली आणि फिरवायला लागले. पहिला फेरा हलका गेला. दुसराही. आत काही नाही, असं माझ्या हाताने मला सांगितलं. चार माणसं माझ्या बोटांकडे पाहत होती. तिसऱ्या फेऱ्याला दांडी अडखळली, जड झाली, आणि कुठेतरी आत फिल्म सरकल्याचा करकर आवाज आला. मला तिथेच मटकन बसून रडावंसं वाटलं. मी फिरवत राहिले.

अंधारखोलीत आम्ही तिघी एकमेकींना खेटून उभ्या होतो. आपा काळोखात हातानेच रोल भरत होत्या आणि पुटपुटत होत्या, "इतनी जल्दी क्या, बैल भाग तो नहीं रहे." औषधाचा आंबट वास. काशीबाई माझा दंड धरून होत्या. फिल्म बाहेर आली तेव्हा पाखऱ्या तिच्यावर काळा होता आणि आभाळही काळं. काशीबाईंनी शिंगांवरून लाखाला ओळखलं. मग आपांनी अख्खी पट्टी एका कागदावर छापली, एकेक फोटो नखाएवढा, आणि लाल दिव्याखाली काशीबाईंच्या हातात भिंग दिलं.

मी घाईने रेघेचा फोटो दाखवला. चुन्याच्या रेघेपलीकडे गफूरभाईंच्या बैलाचा खूर टेकलेला, लाखाचा खूर रेघेच्या अलीकडे, अजून हवेत. चार बोटांचा फरक. शंकेला जागा नव्हती. मी शब्द जुळवत होते, पण काशीबाईंचं भिंग तिथे थांबलंच नाही. ते आधीच्या फोटोंवर मागे गेलं.

"हे भाऊजी," त्या म्हणाल्या.

"असतील. गर्दी होती."

"दुपट्टा खांद्यावर हाय." भिंग पुढच्या फोटोवर सरकलं. "इथं हातात हाय." आणखी पुढे. इथे त्या बोलल्या नाहीत.

मी वाकून पाहिलं. दुपट्टा पूर्ण उघडून लाखाच्या डोळ्यांपुढे आडवा पसरला होता. लाखाची मान वाकडी झाली होती आणि त्याचे चारही पाय जमिनीवरून सुटले होते. ज्या फोटोसाठी मी पुण्याहून आले होते तो हाच होता. त्याच्या आधीच्या फोटोत लाखा पुढे होता. त्याच्या नंतरचा फोटो रेघेचा. आणि त्याच्याही नंतर नामदेवराव तिथेच उभे, दुपट्टा पुन्हा खांद्यावर.

"ये कौन है?" आपांनी विचारलं.

"घरचे हाय."

आपांनी तोंडावर पदर धरला. माझं डोकं तडकलं. मी म्हटलं, "हे बाहेर सांगा. पंचांना दाखवा. हा काय न्याय झाला?"

काशीबाईंनी भिंग खाली ठेवलं. "काय सांगू? माह्याच घरच्या मानसानं माहाच बैल बुजवला, असं? पंच हसतीन. गफूरभाईच्या जोडीनं काई चोरी केली नाई, ते जितले. हा एकच फोटो असता ना, तं मी म्हटलं असतं, बापा, हुरुपानं हालवला असन दुपट्टा. सारे हालवतेत. हे एकापाठी एक हायेत म्हनून कळते."

त्यांचा आवाज एवढ्या वेळात पहिल्यांदा बारीक झाला होता. त्या रडल्या नाहीत. मीच रडले, आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

"आपा," त्या म्हणाल्या, "चार मोठे करून द्या. रेघीचा एक पंचायले. बाकीचे तीन मले."

आम्ही बाहेर आलो तेव्हा दोघंही उभे राहिले. काशीबाईंनी ओला फोटो गफूरभाईंपुढे धरला. "तुमची जोडी."

गफूरभाईंनी तो उजेडाला नेऊन पाहिला, मग डोळे पुसले. ते म्हणाले, "बहन, चार बोटायनं जितलो. हे काई जितनं झालं? बाजाराचं रात्री नामदेवभाऊनं सांगतलं मले. लाखाले इकू नका. पुढच्या साली मले पुन्हा त्याच्याशीच पळवायचं हाय."

मी नामदेवरावांकडे पाहत होते. त्यांना हवं ते झालं होतं. मला वाटलं होतं, सुटल्यासारखं दिसेल. पण ते स्टुडिओच्या पायरीवर बसले आणि दोन्ही हातांनी दुपट्टा पिळत राहिले.

परत

मूर्तिजापूरला चहाला थांबलो. गफूरभाई नमाजाला गेले, ड्रायव्हर टायर बघायला उतरला. जीपमध्ये आम्ही तिघंच. काशीबाईंनी पिशवीतून पाकीट काढलं आणि तीन फोटो दिराच्या मांडीवर ओळीने मांडले. खांद्यावर. हातात. बैलापुढे.

नामदेवरावांनी एकदाच पाहिलं आणि मान फिरवली. मग म्हणाले, "वैनी, चारा कोन आनीन?"

"मी आनीन. धुऱ्याबांधावर ज्वारी पेरू. नाई पुरला तं तुमी आनजा." त्यांनी फोटो गोळा करून पुन्हा पाकिटात घातले. "हे माह्या पेटीत राह्यतीन. गावाले गफूरभाई जितले एवढंच माहीत राहीन. आन् सोमवारी बाजारात बैल जानार नाईत."

"बोली झाली होती," ते पुटपुटले.

"बोली पटावर झाली होती, भाऊजी. दुपट्ट्यावर नाई."

गफूरभाई परत आले, हातात सगळ्यांसाठी गरम जिलबी. आम्ही खाल्ली. मला तिची चव आठवत नाही. अमरावतीला मी उतरायला हवं होतं, नलूच्या घरी, पण पंचांपुढे फोटो देईपर्यंत माझी साक्ष लागणार होती, म्हणून तशीच पुढे गेले.

तिवस्यात शिरताना दिवस मावळत होता. नामदेवराव ड्रायव्हरला म्हणाले, "थांबव जरा." कशासाठी ते कोणाला सांगितलं नाही. दोरखंडांच्या दुकानात गेले. काशीबाई ताठ बसून काचेतून पाहत होत्या आणि माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते मी लिहीत नाही.

ते आले तेव्हा दुपट्टा घडी होऊन कमरेला खोचलेला होता आणि खांद्यावर दोन नव्या वेसणी होत्या, बैलाच्या नाकात घालायच्या सुताच्या दोऱ्या. त्यांनी त्या वहिनीच्या मांडीवर ठेवल्या. काशीबाईंनी बोटांनी चाचपून पाहिल्या.

"एक जाड हाय," त्या म्हणाल्या. "पाखऱ्याचं नाक नाजूक हाय."

"जाड लाखाची," नामदेवराव म्हणाले. "पाखऱ्याची बारीक आनली. मले माहीत नाई काय, वैनी? त्यायले पहिली वेसन मीच घातली."